विचार मांडण्याची जपानी परिभाषा

नवी कल्पना सभेपुढे किंवा वरिष्ठांपुढे मांडावयाची झाली की ती चांगली असून भागत नाही. ती कोणत्या शब्दाने पुढे केली, यावर तिचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून असते. ग्रामसभेत एखादा सदस्य 'माझी एक सूचना आहे' असे म्हणतो तेव्हा आणि 'मी ठराव मांडतो' असे म्हणतो तेव्हा एकच गोष्ट घडत नाही. सूचना ऐकून घेतली की पुरते. ठरावावर मात्र सभेला हो किंवा नाही म्हणावेच लागते. कार्यालयात लिपिक प्रस्ताव सादर करतो, वरिष्ठ अधिकारी त्याची शिफारस करतो आणि सक्षम प्राधिकारी त्यास मान्यता देतो. या शब्दांची अदलाबदल झाली तर नस्ती एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाण्याऐवजी परत येते, हा अनुभव कोणत्याही कर्मचाऱ्यास नवा नाही.

जपानी भाषेत हा शब्दभेद अधिक काटेकोर आहे. विचार कोणी मांडला, कोणापुढे मांडला आणि कोणत्या अधिकाराने मांडला, यानुसार तेथे शब्द बदलतो. कोल्हापूरसारख्या जिल्ह्याला हा विषय दूरचा वाटण्याचे आता कारण उरलेले नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील ओतशाळांतून व यंत्रशाळांतून 'कायझेन', 'पोका-योके' हे शब्द मराठी वाक्यात सहज वापरले जातात. भारत आणि जपान यांच्यात तांत्रिक प्रशिक्षणार्थींविषयी ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि विशिष्ट कौशल्यधारक कामगारांविषयी जानेवारी २०२१ मध्ये सहकार्याचे करार झाले. त्यामुळे जपानी शिकणे हा केवळ हौसेचा विषय राहिला नाही. पुणे हे तर देशातील जपानी अध्यापनाचे एक प्रमुख केंद्र आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ही भाषा पद्धतशीरपणे शिकविण्यात येते. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'मधून जपान पाहिलेल्या पिढीची नातवंडे आता त्या देशाच्या कारखान्यांत व कचेऱ्यांत बसू लागली आहेत. तेथे त्यांना नमस्कार-चमत्काराच्या शब्दांबरोबरच आपले म्हणणे मांडण्याचे शब्दही लागतात.

वाक्याची ठेवण ओळखीची

मराठी भाषकाला जपानी वाक्याची ठेवण परकी वाटत नाही. कर्ता आधी, मग कर्म आणि शेवटी क्रियापद हाच क्रम तेथेही आहे. विभक्ती दाखविणारे शब्द नामाच्या मागून येतात. मराठीत 'प्रस्ताव' या नामाला 'करणे' जोडून क्रियापद होते. जपानीत 'तेइआन' या नामाला 'सुरु' जोडतात. या 'सुरु'चा अर्थ 'करणे' असाच आहे; आपल्या 'सुरू होणे'शी त्याचा काही संबंध नाही. (या लेखात जपानी दीर्घ 'ओ' अवग्रहाने दाखविला आहे, आणि 'च्योऽ' हा उच्चार 'चोर' या शब्दातील 'चो'सारखा नसून 'च्यो' असा आहे.)

आणखी एक साम्य अधिक महत्त्वाचे आहे. मराठीत रोजच्या बोलण्याचे देशी शब्द आणि शास्त्रव्यवहाराचे संस्कृत शब्द असे दोन थर आहेत. 'सुचविणे', 'मांडणे' हे पहिल्या थरातले; 'प्रतिपादन', 'अनुमोदन' हे दुसऱ्या थरातले. जपानीत हेच दोन थर 'वागो' आणि 'कान्गो' या नावांनी ओळखले जातात. वागो म्हणजे मूळचे जपानी शब्द, आणि कान्गो म्हणजे चिनी अक्षरांच्या जोडणीतून घडलेले शब्द. विचार मांडण्याची औपचारिक परिभाषा जवळजवळ सगळी कान्गोची आहे. संस्कृत धातू आणि उपसर्ग ठाऊक असले की 'प्रस्ताव', 'प्रतिपादन', 'निवेदन' या शब्दांची अंतर्रचना उलगडते. तद्वत चिनी अक्षरांचे घटक ओळखता आले की हे शब्दही पाठांतराविना उलगडू लागतात.

'तेइआन' हा या परिभाषेतील सर्वांत चलनी शब्द होय. त्यातील 'तेइ' या अक्षराच्या डाव्या अंगाला हाताचे चिन्ह आहे. हातात धरून पुढे करणे हा त्याचा अर्थ. 'आन' या अक्षराच्या तळाशी लाकडाचे चिन्ह आहे, कारण मुळात तो शब्द मेजाचा वाचक होता. मेजावर ठेवलेला कागद, म्हणून मसुदा, म्हणून योजना, असा त्याच्या अर्थाचा प्रवास झाला. विधिमंडळात कागदपत्र 'सभागृहाच्या पटलावर ठेवणे' असे आपण म्हणतो, त्याच्याशी ही कल्पना चांगलीच जुळते. समोर निश्चित ऐकणारा आहे, त्याच्यापुढे निश्चित योजना ठेवली आहे, आणि ती स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची त्याला मोकळीक आहे, अशा वेळी 'तेइआन' हा शब्द योग्य ठरतो. तो कनिष्ठाने वापरला तरी चालतो आणि वरिष्ठाने वापरला तरी चालतो.

त्याच 'तेइ'पुढे 'शब्द' या अर्थाचे अक्षर आले की 'तेइगेन' होते. एखादी अभ्याससमिती किंवा तज्ज्ञमंडळ धोरणाविषयी आपले विचारपूर्वक मत शासनापुढे अथवा समाजापुढे ठेवते, ते तेइगेन. ते बहुधा लेखी असते आणि बंधनकारक नसते. आणि त्याच 'तेइ'पुढे उच्चारवाने म्हणणे या अर्थाचे अक्षर आले, ज्याच्या डाव्या अंगाला तोंडाचे चिन्ह आहे, की 'तेइशोऽ' हा शब्द तयार होतो. नवे तत्त्व किंवा सिद्धांत प्रथम जाहीरपणे मांडून इतरांनी तो स्वीकारावा म्हणून प्रयत्न करणे, असा त्याचा अर्थ आहे. झेन पंथात गुरू शिष्यांपुढे जे प्रवचन करतो त्यालाही तेइशोऽ म्हणतात. यावरून शब्दाचे वजन ध्यानात यावे. दुपारचे जेवण कोठे घ्यावे याविषयी कोणी तेइशोऽ करीत नाही.

मराठीत या अर्थाला सर्वांत जवळचा शब्द 'पुरस्कार करणे' हा आहे. पुरस् म्हणजे पुढे. एखादे मत पुढे ठेवणे, त्याला अग्रस्थान देणे, हा त्याचा मूळ अर्थ. अलीकडे 'पुरस्कार' म्हटले की शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह डोळ्यांपुढे येते, आणि 'विधवाविवाहाचा पुरस्कार' यासारखी वाक्यरचना विद्यार्थ्यांना समजावून सांगावी लागते. एक चांगला शब्द अशा रीतीने अर्धा गमावल्यासारखा झाला आहे.

'शुच्योऽ' या शब्दाविषयी नवशिक्याने विशेष सावध असावे. त्यातील पहिल्या अक्षराचा अर्थ मुख्य किंवा धनी असा आहे, आणि दुसऱ्या अक्षरात धनुष्याचे चिन्ह असून त्याचा अर्थ ताणणे असा आहे. आपले मत ठामपणे, माघार न घेता मांडणे, म्हणजे शुच्योऽ. न्यायालयात आरोपी आपण निर्दोष असल्याचे प्रतिपादन करतो, तेव्हा वृत्तपत्रे हाच शब्द वापरतात. ज्याच्यात हा गुण जास्त आहे, म्हणजे 'जिको-शुच्योऽ' प्रबळ आहे, असे एखाद्या माणसाविषयी म्हटले तर ती बहुतेक वेळा स्तुती नसते. कोशात 'आग्रहाने मांडणे' एवढाच अर्थ वाचून एखाद्या तरुण अभियंत्याने वरिष्ठांपुढे 'मी असे शुच्योऽ करतो' असे म्हटले, तर व्याकरण बिनचूक असूनही बैठकीतील वातावरण अवघडते.

वर जाणारे शब्द, खाली येणारे शब्द

शब्दाची दिशा हा या परिभाषेचा खरा कणा आहे. कनिष्ठाने आपले मत तपशीलवार वरिष्ठांच्या कानी घालणे म्हणजे 'गुशिन'. मंडळाने किंवा नागरिकांनी शासनापुढे सूचना ठेवणे म्हणजे 'केन्गि'. मंत्री एखाद्या सल्लागार परिषदेला प्रश्न विचारतो, त्यास 'शिमोन' म्हणतात. परिषद अभ्यास करून उत्तर देते, ते 'तोऽशिन'. विचारल्याशिवाय तोऽशिन होत नाही. न विचारता दिलेले मत कितीही मोलाचे असले तरी ते तेइगेन ठरते. आणि ज्या संस्थेला कायद्याने विशिष्ट अधिकार आहे तिने दिलेली, टाळता येण्यास कठीण अशी शिफारस म्हणजे 'कान्कोकु'. जपानमध्ये शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा अधिकार नाही. त्याची भरपाई म्हणून राष्ट्रीय कर्मचारी प्राधिकरण दरवर्षी संसदेस व मंत्रिमंडळास वेतनाविषयी जे मत कळविते, ते कान्कोकु या नावाने ओळखले जाते.

मराठीत 'शिफारस' हा एकच फारसी शब्द यांतली बहुतेक कामे करतो. वेतन आयोगाची शिफारस, जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस आणि कोणा ओळखीच्याची नोकरीसाठी आणलेली शिफारस, या तिन्ही गोष्टी आपण एका शब्दात बसवितो. जपानीत शेवटच्या प्रकाराला 'सुइसेन' असा निराळा शब्द आहे. त्याच्याही पहिल्या अक्षरात हात आहे, पण तो मागून पुढे ढकलणारा हात आहे.

'सूचना' या शब्दाने तर मराठी विद्यार्थ्याची अधिकच फसगत होते. तहसीलदारांनी तलाठ्याला दिलेली सूचना आणि तलाठ्याने तहसीलदारांना केलेली सूचना, यांत मराठीत फक्त 'दिली' आणि 'केली' एवढाच फरक आहे. जपानीत पहिली 'शिजि' आहे, म्हणजे निर्देश. दुसरी तेइआन आहे. विद्यार्थी इंग्रजी कोशाच्या आधाराने शिकत असेल तर गोंधळ वाढतो, कारण तेथे तीन-चार जपानी शब्दांपुढे 'प्रपोज' किंवा 'सजेस्ट' हे एकेकच शब्द दिलेले आढळतात. अशा वेळी 'मान्यतेस्तव सादर', 'अभिप्रायार्थ', 'पुढील कार्यवाहीसाठी' या आपल्या कार्यालयीन शेऱ्यांशी जपानी शब्दांची थेट तुलना केलेली बरी. ज्याने चार वर्षे टिप्पण्या लिहिल्या आहेत, त्याला शिमोन आणि तोऽशिन यांतील फरक एका वाक्यात समजतो.

सभेचे शब्द कसे घडले

हे शब्द जपानीत अनादिकालापासून होते, असे मात्र नाही. यांतील कित्येक शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडविण्यात आले किंवा त्यांना नवा अर्थ देण्यात आला. १८६८ मध्ये मेइजी सम्राटाच्या नावे जी पंचकलमी प्रतिज्ञा जाहीर झाली, तिच्या पहिल्याच कलमात सभा स्थापून सर्व गोष्टी सार्वजनिक चर्चेने ठरविण्याचे वचन होते. चर्चेने ठरवावयाचे तर चर्चेची भाषा हवी, आणि ती तयार नव्हती.

केइओ या विद्यापीठाचे संस्थापक फुकुझावा युकिचि यांनी हे काम अंगावर घेतले. व्याख्यान या अर्थी त्यांनी रूढ केलेला 'एन्झेत्सु' हा शब्द त्यांच्या नाकात्सु या संस्थानातील एका कागदाच्या नावावरून आलेला आहे. संस्थानाच्या सेवकाने आपले म्हणणे सरकारला कळविण्यासाठी द्यावयाचा तो अर्ज होता. त्या नावातील 'जीभ' या अर्थाचे अक्षर काढून त्यांनी 'स्पष्ट सांगणे' या अर्थाचे अक्षर घातले, आणि अर्जाचे भाषण झाले. सभेत एखाद्याने मांडलेल्या ठरावाला दुसऱ्याने पाठिंबा द्यावयाचा, या पाश्चात्त्य पद्धतीसाठी त्यांनी 'सान्सेइ' हा शब्द योजिला. जपानी भाषेत जाहीर भाषण करणे शक्यच नाही, असे काही विद्वान मित्रांचे मत होते. १८७४ मध्ये एका बैठकीत फुकुझावांनी त्या वेळी गाजत असलेल्या तैवान मोहिमेविषयी सहज बोलल्यासारखे बोलावयास प्रारंभ केला आणि अखेरीस, आपले बोलणे समजले काय, असे विचारले. समजले, असे उत्तर आले. तेव्हा हेच भाषण होय, असे त्यांनी सांगितले. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, त्यांनी तोक्योच्या मिता भागात भाषणांसाठी स्वतंत्र सभागृह बांधले. ते आजही केइओ विद्यापीठाच्या आवारात उभे आहे.

याच १८७४ च्या जानेवारीत इतागाकि ताइसुके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकनियुक्त सभा स्थापन करावी, असे निवेदन शासनास दिले. त्याला 'केन्पाकु' म्हणतात. पुढे स्वातंत्र्य व लोकाधिकार यांची जी चळवळ देशभर पसरली, तिचे लोण खेड्यापर्यंत गेले. तोक्योच्या पश्चिमेस डोंगराळ भागात इत्सुकाइचि नावाचे गाव आहे. तेथील शाळेचे शिक्षक चिबा ताकुसाबुरोऽ यांनी गावकऱ्यांच्या अभ्यासमंडळात झालेल्या चर्चांच्या आधारे १८८१ मध्ये देशाच्या संविधानाचा मसुदा लिहिला. त्यात २०४ कलमे होती, आणि नागरिकांच्या हक्कांना त्यात मोठे स्थान होते. तो मसुदा विस्मृतीत गेला. १९६८ मध्ये गावातील एका जुन्या घराण्याच्या कोठारात इतिहास-संशोधकांना तो सापडला, तेव्हा खेड्यातल्या माणसांनी या नव्या शब्दांचा केवढा उपयोग केला होता, हे जगापुढे आले.

महाराष्ट्रातही हाच काळ होता. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० मध्ये आणि सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला, आणि सभेची मराठी घडू लागली. आपल्याकडील शब्दांचा इतिहास मात्र अधिक मिश्र आहे. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या सुमारास सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा प्रयत्न झाला होता. तरीही अर्ज, मसुदा, मंजूर, हरकत, तहकूब हे शब्द टिकून राहिले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसीचे अध्यापन करणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परकीय शब्द टाळण्याची बाजू मांडली. फारसीच्या जाणकारानेच फारसी शब्दांविरुद्ध उभे राहावे, ही घटना मराठीच्या इतिहासात लक्षणीय आहे. राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम संमत झाला. आजच्या ग्रामपंचायतीच्या कार्यवृत्तात 'ठराव' हा देशी, 'मंजूर' हा अरबी-फारसी आणि 'सर्वानुमते' हा संस्कृत, असे तिन्ही शब्द एका ओळीत नांदतात, आणि त्यांत कोणाला काही वावगे वाटत नाही.

'अनुमोदन' आणि 'सान्सेइ' हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. अनुमोदनातील 'मुद्' धातूचा अर्थ आनंदणे. दुसऱ्याच्या म्हणण्यामागून आपणही आनंद व्यक्त करणे, म्हणजे अनुमोदन. सान्सेइमधील पहिले अक्षर साहाय्य करणे व वाखाणणे या अर्थाचे आणि दुसरे तडीस जाणे या अर्थाचे आहे. तेथे साह्य करून काम तडीस नेण्याचे अभिवचन अभिप्रेत आहे. आपला अनुमोदक आनंदतो, त्यांचा अनुमोदक हात लावतो. जपानच्या संसद कायद्यात हा शब्द संख्येने बांधलेला आहे. कनिष्ठ सभागृहाच्या सदस्याला विधेयक मांडावयाचे असल्यास किमान २० सदस्यांचे, आणि वरिष्ठ सभागृहात १० सदस्यांचे, सान्सेइ लागते. विधेयक मांडण्याच्या कृतीला तेथे 'हात्सुगि' म्हणतात. संविधानाच्या ९६ व्या कलमात दुरुस्तीचा प्रस्ताव संसदेने जनतेपुढे ठेवावा असे म्हटले आहे, तेथेही हाच शब्द आहे.

हेरवाडचा ठराव जपानीत

या सर्व शब्दांचे परस्परसंबंध कोल्हापूर जिल्ह्यातील एका घटनेवरून उत्तम रीतीने स्पष्ट होतात. शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत एक ठराव संमत केला. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्याचा तो ठराव होता. ते राजर्षी शाहू महाराजांचे स्मृतिशताब्दी वर्ष होते. महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी झाले. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे, असे आवाहन केले.

ही घटना जपानीत सांगावयाची झाल्यास प्रत्येक पायरीला निराळा शब्द लागेल. प्रथा बंद व्हावी अशी कल्पना गावातील चर्चेत पहिल्यांदा ज्याने बोलून दाखविली, त्याच्या कृतीला 'इइदासु' हा साधा देशी शब्द पुरेल. (जो प्रथम बोलतो त्याला जपानीत 'इइदाशिप्पे' असे गमतीने म्हणतात, आणि काम बहुधा त्याच्याच गळ्यात पडते.) ग्रामसभेत ते रीतसर मांडणे हे तेइआन, सभेच्या नियमांनुसार मांडलेला प्रस्ताव म्हणून 'दोऽगि'. अनुमोदन देणे म्हणजे सान्सेइ. सभेने तो संमत केला हे 'काकेत्सु', आणि संमत झालेला ठराव 'केत्सुगि'. सर्वांनी एकमुखाने तो उचलून धरला असेल तर 'मान्जोऽ-इच्चि'. ग्रामसभेत आपण 'मंजूर, मंजूर' म्हणतो, तेथे जपानी सभागृहात 'इगि नाशि' असा गजर होतो. त्याचा शब्दशः अर्थ 'हरकत नाही' असा आहे.

शासनाच्या परिपत्रकापाशी मात्र भाषांतरकाराला थांबावे लागते. ते शिजि आहे काय? नाही, कारण त्यात सक्ती नव्हती. कान्कोकु आहे काय? तोही नाही. शासन एका गावाचा विचार उचलून धरते आणि इतरांनी तसे करावे म्हणून प्रोत्साहन देते. त्यासाठी 'शोऽरेइ' हा शब्द बसतो. आणि हेरवाडने स्वतः जे केले ते ठरावापुरतेच होते, की आपल्या उदाहरणाने इतर गावांपुढे एक तत्त्व ठेवले म्हणून तेइशोऽही होते? येथे शब्दाची निवड हेच घटनेचे मूल्यमापन ठरते. केत्सुगि म्हटले तर गावाने आपल्या हद्दीत निर्णय घेतला एवढेच नोंदले जाईल. तेइशोऽ म्हटले तर गावाने समाजापुढे विचार मांडला, ही गोष्टही नोंदली जाईल. ठरावाने प्रथा त्या दिवसापासून मोडते असे नाही. घरोघरी तो विचार पुनःपुन्हा मांडावा लागतो. त्यामुळे दुसरा शब्द अधिक यथार्थ वाटतो.

नस्ती आणि कारखाना

जपानी कार्यालयात निर्णय ज्या पद्धतीने होतो तिला 'रिन्गि' असे नाव आहे. कनिष्ठ कर्मचारी प्रस्तावाचा मसुदा तयार करतो, ते 'किआन'. तो कागद संबंधित विभागांतून फिरतो, प्रत्येक जण त्यावर आपला शिक्का उमटवितो आणि अखेरीस सर्वोच्च अधिकारी अंतिम मान्यता देतो, ती 'केस्साइ'. मंत्रालयातील नस्ती कक्ष अधिकाऱ्यापासून सचिवापर्यंत जाते, त्याचेच हे जपानी रूप म्हणावयास हरकत नाही. आक्षेपही तेच घेतले जातात: वेळ फार जातो आणि जबाबदारी नेमकी कोणाची हे कळत नाही. काही बँकांत कनिष्ठाने आपला शिक्का वरिष्ठाच्या शिक्क्याकडे किंचित कलता उमटवावयाचा, म्हणजे नमस्कार केल्यासारखे होते, अशीही चाल होती. २०२० नंतर शासकीय कामकाजातील पुष्कळशा शिक्क्यांची सक्ती काढून टाकण्यात आली.

मसुदा फिरू लागण्यापूर्वी संबंधितांना एकेकटे भेटून त्यांचे मत अजमावतात, त्याला 'नेमावाशि' म्हणतात. हा मूळचा माळ्यांचा शब्द आहे. मोठे झाड दुसरीकडे हलवावयाचे असल्यास आधी काही काळ त्याच्या मुळांभोवती खणून ठेवतात, म्हणजे हलविल्यावर ते जगते. ठरावाच्या आदल्या संध्याकाळी पारावर बसून चार जाणत्यांशी बोलून घेण्याची पद्धत आपल्या गावांतही आहे. तिला शब्द मात्र नाही. 'लॉबिंग' या शब्दाला जो वास येतो तो नेमावाशिला येत नाही. ते न करता थेट बैठकीत नवा प्रस्ताव ठेवणे, हेच तेथे गैर समजतात.

कारखान्यात हीच परिभाषा कामगाराच्या हाती आली. टोयोटा कंपनीने १९५१ मध्ये कामगारांकडून सुधारणेच्या कल्पना मागविण्याची पद्धत सुरू केली. अमेरिकेतील फोर्डच्या कारखान्यात तशी पद्धत पाहण्यात आली होती. तिच्या नावात तेइआन हाच शब्द आहे. 'काइझेन-तेइआन'च्या कागदावर सामान्यतः तीन रकाने असतात: 'गेन्ज्योऽ', म्हणजे सद्यःस्थिती, 'काइझेन-आन', म्हणजे सुधारणेची योजना, आणि 'कोऽका', म्हणजे परिणाम. मसाकि इमाइ यांच्या १९८६ च्या पुस्तकाने 'काइझेन' हा शब्द जगभर नेला, पण त्याचा जोडीदार 'तेइआन' मागेच राहिला. शिरोलीच्या ओतशाळेत भिंतीवर 'कायझेन' लिहिलेले दिसते. ते कोणी, कोणापुढे आणि कशा शब्दांत मांडावयाचे, हे सांगणारा शब्द तेथे पोहोचलेला नाही. साचा भरणाऱ्या कामगाराची कल्पना सूचनापेटीत पडून राहते, ती पुष्कळदा याच कारणाने.

शिकणाऱ्यासाठी

जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या २०१० पासून पाच पातळ्या आहेत. वर आलेले बहुतेक शब्द वरच्या पातळ्यांवर भेटतात. ही परीक्षा शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन आणि श्रवण यांचीच असते. तीत लिहावे किंवा बोलावे लागत नाही. त्यामुळे तेइशोऽ ओळखता येणारा, पण केव्हा वापरावयाचा हे ठाऊक नसणारा, विद्यार्थी तयार होतो. शिक्षकांनी एकाच विषयावर तीन छोटी टिपणे लिहून घ्यावीत: एक सहकाऱ्यास, एक वरिष्ठास, एक वृत्तपत्रास. गावातील पाणीपुरवठा किंवा उसाच्या पाचटाचा प्रश्न याला चालेल.

वाक्याचा शेवट हीदेखील शिकण्याची गोष्ट आहे. 'तेइआन शिमासु' म्हणजे प्रस्ताव करतो. 'तेइआन इताशिमासु' म्हटले की त्यात स्वतःकडे कमीपणा येतो. 'गो-तेइआन मोऽशिआगेमासु' म्हटले की विनम्र निवेदनाचा सूर लागतो. प्रस्ताव हा शब्दच न उच्चारता '…ते वा इकागा देश्योऽ का', म्हणजे 'असे केल्यास कसे होईल', असे विचारण्याची रीत तर फारच रूढ आहे. 'बेकि' हा प्रत्ययासारखा शब्द मराठीतील 'पाहिजे'सारखा आहे. अग्रलेखात तो शोभतो, वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात शोभत नाही. मराठी टिप्पणीत 'करावे' ऐवजी 'करण्यात यावे' आणि त्याहून सौम्य 'करणे उचित होईल' असे लिहिणाऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रस्तावाला मिळणारे उत्तर ओळखणे तितकेच आवश्यक आहे. 'केन्तोऽ शिमासु' म्हणजे 'विचार करू'. पुष्कळदा तो सौम्य नकार असतो, आणि आधी 'माएमुकि नि', म्हणजे 'अनुकूलतेने', हे शब्द जोडले तरी निश्चित होकार समजू नये. आपल्याकडील 'बाब विचाराधीन आहे' या शेऱ्याचा तो सख्खा भाऊ आहे. अशा वेळी आग्रह न धरता 'इत्सु गोरो मादे नि', म्हणजे 'साधारण केव्हापर्यंत', एवढे विचारण्यास तेथे कोणी हरकत घेत नाही. तारीख मिळाली तर प्रस्ताव जिवंत आहे असे समजावे आणि त्या तारखेस पुन्हा जावे.